अपुऱ्या कृतीचे श्रोते

वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत लेखक-मंडळांचा परामर्श बहुधा एका ठराविक रीतीने घेतला जातो. मंडळ केव्हा स्थापन झाले, सभासद कोण होते, नाव कसे पडले, कोणती पुस्तके निघाली आणि प्रतिपक्षाने त्यांची थट्टा कशी केली, एवढे सांगून झाले की इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. बैठकीत प्रत्यक्ष काय घडत होते, अर्धवट लिहून झालेली कृती चार परिचितांसमोर वाचली गेल्यामुळे तिच्या उरलेल्या अर्ध्या भागावर काही परिणाम झाला किंवा कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेलाच तर त्याचे उत्तर ‘परस्परांचा प्रभाव’ ह्या दोन शब्दांत आटोपते. आणि मग दोन लेखकांच्या ग्रंथांतील सादृश्यस्थळे शोधून त्यांच्या याद्या करणे हेच संशोधन ठरते. प्रस्तुत लेखात ह्या पद्धतीविषयी थोडी शंका उपस्थित करावयाची आहे.

ह्यासाठी ऑक्सफर्ड येथील ‘इंक्लिंग्ज’ ह्या मंडळाचे उदाहरण घेतले आहे. ते परकीय आहे हे खरे. परंतु अपुऱ्या कृतीच्या वाचनाचा पुरावा ह्या मंडळाइतका विपुल स्वरूपात अन्यत्र सहसा मिळत नाही. जे. आर. आर. टोल्किन ह्याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या कादंबरीचे खर्डे त्याचा पुत्र ख्रिस्तोफर ह्याने १९८८ पासून क्रमाने संपादून प्रसिद्ध केले. सी. एस. लुईस ह्याची पत्रे छापली गेली आहेत, आणि लुईसचा थोरला बंधू वॉरन ह्याच्या रोजनिशीतील नोंदी उपलब्ध आहेत. म्हणजे एका बाजूस खर्डे आणि दुसऱ्या बाजूस ते ऐकणाऱ्यांची साक्ष, अशी दुहेरी सामग्री येथे आहे.

कृती घडत असताना तिला श्रोते असणे ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. किंबहुना आपल्या वाङ्मयाच्या आरंभकाळीच ती ठळकपणे दिसते. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ श्रोत्यांसमोर सांगितला गेला, आणि ते श्रोते ग्रंथाच्या बाहेर राहिलेले नाहीत. नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव त्यांच्या अवधानाची याचना करतात. निरूपण लांबले म्हणजे त्यांची समजूत घालतात. निवृत्तिनाथांची उपस्थिती तर पदोपदी जाणवते. परंतु येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ज्ञानेश्वरीतील श्रोता ग्रंथरचनेचाच एक घटक आहे; त्याचा रुकार व त्याची अधीरता ओवीत बांधली गेली आहे. आपल्याला ज्याचा विचार करावयाचा आहे तो श्रोता पुस्तक छापून झाल्यावर नाहीसा होतो. त्याच्या अस्तित्वाच्या खुणा पुस्तकाबाहेर शोधाव्या लागतात.

‘इंक्लिंग्ज’ ही संस्था म्हणावी अशी नव्हती. तिला घटना नव्हती, पदाधिकारी नव्हते, वर्गणी नव्हती आणि इतिवृत्तही नव्हते. हे नाव प्रथम १९३० नंतरच्या काही वर्षांत युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका विद्यार्थ्याने काढलेल्या वाचन-मंडळाचे होते. ते मंडळ लवकरच मोडले आणि नाव लुईसभोवती जमणाऱ्या मित्रांकडे आले. गुरुवारी रात्री मॉडलिन कॉलेजातील लुईसच्या खोल्यांत ही मंडळी जमत. सहा-सात जण आले, चहा झाला, की कोणापाशी वाचण्यासारखे काही आहे काय, अशी पृच्छा लुईस करी आणि वाचनास सुरुवात होई. मंगळवारी दुपारच्या भोजनापूर्वी ‘ईगल अँड चाइल्ड’ ह्या मद्यगृहात जो मेळावा भरे तो मुख्यतः गप्पांचा. पर्यटकांना आज ते मद्यगृह दाखविले जाते. वाङ्मयाचे काम मात्र गुरुवारी होत असे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये लुईसने बंधूस लिहिलेल्या एका पत्रात अशा एका रात्रीचा कार्यक्रम कळविला आहे. टोल्किनने ‘नव्या हॉबिट’चा, म्हणजेच पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ झालेल्या कथेचा, एक भाग वाचला. चार्ल्स विल्यम्स ह्याने ख्रिस्तजन्मावरील एक नाटक वाचले. आणि स्वतः लुईसने ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ ह्या आपल्या तत्त्वचर्चात्मक ग्रंथाचे एक प्रकरण वाचले. अद्भुतकथा, नाटक व धर्मतत्त्वविचार एकाच रात्री, एकाच श्रोतृवृंदासमोर! ह्यांपैकी शेवटचा ग्रंथ १९४० मध्ये ह्या मंडळालाच अर्पण केला गेला, आणि त्यास वेदनेसंबंधीचे वैद्यकीय टिपण जोडले गेले ते मंडळातील डॉ. हॅवर्ड ह्याचे. श्रोत्याने ग्रंथात प्रत्यक्ष भर घातल्याचे इतके उघड उदाहरण विरळाच. पण उघड उदाहरणे नेहमीच महत्त्वाची असतात असे नाही.

पुराव्याविषयी येथे एक सूचना करणे अवश्य आहे. हंफ्री कार्पेंटर ह्याच्या १९७८ सालच्या ‘द इंक्लिंग्ज’ ह्या ग्रंथात एका गुरुवारच्या बैठकीचे मोठे मनोवेधक वर्णन आहे. त्यात मंडळी बोलतात, एकमेकांस टोकतात, हसतात. परंतु ही बैठक ग्रंथकाराने निरनिराळ्या लेखांतून व पत्रांतून वाक्ये वेचून रचलेली आहे, आणि तसे त्याने स्वतःच सांगितले आहे. विद्यार्थी ते प्रकरण बैठकीची नोंद समजून उद्धृत करू लागले की कल्पित व वृत्त ह्यांची सरमिसळ होते. ज्या मंडळाने इतिवृत्त ठेवले नाही त्याचे इतिवृत्त नंतर कोणी तरी लिहून काढतोच, असा अनुभव आहे.

आता प्रभावाचा प्रश्न. टोल्किनवर कोणाचाही प्रभाव पडणे शक्य नव्हते, असे लुईसने १९५९ मध्ये एका अभ्यासकास कळविले. टीका ऐकली की तो एक तर सारी कृती पुन्हा पहिल्यापासून लिहावयास घेई, नाही तर त्या टीकेकडे मुळीच लक्ष देत नसे, असे लुईसचे निरीक्षण. ह्या पत्राच्या आधारे पुष्कळ वर्षे असे मानले गेले की मंडळात मैत्री होती, परंतु वाङ्मयीन देवघेव नव्हती. २००७ मध्ये डायना पॅव्हलॅक ग्लायर हिने ‘द कंपनी दे कीप’ ह्या ग्रंथात ह्या समजुतीस पुराव्यानिशी आव्हान दिले. प्रोत्साहक, विरोधक, संपादक, सहकारी अशा भूमिका कल्पून तिने मंडळातील व्यवहाराची फोड केली आहे. तिचा मुख्य निष्कर्ष मान्य करण्यासारखा आहे. तथापि भूमिकांची ही विभागणी मला फार रेखीव वाटते. एकच मनुष्य एका गुरुवारी प्रोत्साहक आणि पुढच्या गुरुवारी विरोधक असतो. शिवाय लुईसच्या विधानाचा पूर्वार्ध बहुतेकांनी नीट वाचलेला दिसत नाही. टीका ऐकून जो सारे पुन्हा प्रारंभापासून लिहितो त्याच्यावर टीकेचा परिणाम झाला नाही असे कसे म्हणावे? सुचविलेला शब्द त्याने घेतला नाही एवढाच त्याचा अर्थ. सादृश्यस्थळांच्या यादीत असा परिणाम कधीच सापडणार नाही.

ह्या दोघांच्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण मंडळाच्याही पूर्वीचे आहे. १९२९ च्या अखेरीस टोल्किनने आपले ‘द ले ऑफ लेथियन’ हे अपूर्ण दीर्घकाव्य लुईसला वाचावयास दिले. लुईसने जी टीका लिहून पाठविली तिचे रूप विलक्षण होते. ते काव्य जणू एखादे प्राचीन हस्तलिखित आहे असे समजून त्याने त्यावर पाठचिकित्सक टीपा लिहिल्या. पीबॉडी, पंपरनिकल अशी कल्पित पंडितांची नावे घेऊन त्यांचे मतभेद नोंदविले. जी ओळ कच्ची वाटली ती लेखनिकाच्या प्रमादाने भ्रष्ट झाली असली पाहिजे असे म्हटले. आणि आपल्याला सुचलेली पर्यायी ओळ ‘अन्य प्रतींतील पाठ’ म्हणून दिली. ह्या विनोदात मोठे शहाणपण आहे. दोघेही जुन्या संहितांचे अध्यापक. ‘तुझी ओळ वाईट आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मूळ पाठ असा नसावा’ असे म्हटल्याने दोष लेखकाकडून लेखनिकाकडे गेला, आणि लेखकास ती ओळ बदलणे म्हणजे मूळ शुद्ध पाठ परत मिळविणे असे वाटावयास मोकळीक राहिली. लुईसने बोट ठेवलेल्या बहुतेक ओळींपाशी टोल्किनने पुढे दुरुस्तीच्या खुणा केल्या. पुष्कळ ओळी नव्याने लिहिल्या. परंतु लुईसचे पाठ त्याने जसेच्या तसे उचलले असे फारसे झाले नाही. दोष कोठे आहे हे श्रोत्याने दाखवावे आणि उपाय लेखकाने स्वतः शोधावा, हीच रीत येथे दिसते.

गद्य कादंबरीच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक व्यापक प्रमाणात घडली. १९३७ च्या डिसेंबरात टोल्किनने नवी कथा आरंभिली तेव्हा ती मुलांसाठी लिहिलेल्या ‘द हॉबिट’चा उत्तरभाग होती, आणि हॉबिटांच्या घरगुती संभाषणात तिला मोठी रुची होती. हे संभाषण फार होते, हॉबिट हे त्यांच्या स्वभावास न साजणाऱ्या प्रसंगांत सापडले म्हणजेच मौज वाटते, असे लुईसचे म्हणणे टोल्किनने १९३८ मध्ये आपल्या प्रकाशकास कळविले आहे. प्रसिद्ध झालेले खर्डे पाहता ही विनोदी बडबड पुढे पुढे आटत गेलेली दिसते. ह्याउलट, ट्रॉटर नावाचा लाकडी जोडे घालणारा एक भटका हॉबिट बदलून अखेर अॅरॅगॉर्न हा निर्वासित राजा झाला, हा कथेतील सर्वांत दूरगामी फेरफार. त्याचे श्रेय कोणा श्रोत्यास देण्यास खर्ड्यांत आधार नाही. ती उलघाल लेखकाची स्वतःची आहे. म्हणजे श्रोत्यांनी कथेचा सूर बदलण्यास हातभार लावला, तिचा गाभा मात्र लेखकाने एकट्याने शोधला, असे ह्या कृतीपुरते तरी म्हणता येते.

परंतु टोल्किनने स्वतः ज्या ऋणाचा उच्चार वारंवार केला ते ह्या दोहोंहून निराळे आहे. लुईसचा आपल्यावर जो न फिटणारा उपकार आहे तो प्रभावाचा नसून निखळ उत्तेजनाचा आहे, असे त्याने म्हटले आहे. हे शब्द शिष्टाचाराचे म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. १९४४ च्या प्रारंभी कथा बरेच दिवस अडून राहिली होती. मार्चअखेर लुईस आपल्यामागे ती पुरी करण्याचा लकडा लावीत असल्याचे टोल्किनने पुत्रास कळविले. आणि एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत फ्रोडो व सॅम ह्यांच्या मॉर्डोरच्या वाटचालीचा सारा भाग लिहून झाला. प्रकरण लिहून झाले की ते लुईस व विल्यम्स ह्यांना वाचून दाखवावयाचे, असा क्रम होता. त्यांतील शेवटच्या प्रकरणाने लुईसच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले असेही त्या पत्रांत आहे. अध्यापन, परीक्षांचे काम, युद्धकाळातील ओढाताण ह्यांतून वेळ काढणाऱ्या मध्यमवयीन प्राध्यापकास पुढच्या आठवड्यात कोणी तरी ऐकावयास बसणार आहे, ही जाणीव कोणत्याही सूचनेपेक्षा मोलाची होती. सूचना न मिळती तर कादंबरी थोडी वेगळी झाली असती. श्रोता न मिळता तर ती बहुधा झालीच नसती. टीकाशास्त्रात ह्या दुसऱ्या प्रकारच्या कारणास स्थान नाही, कारण ते संहितेत दाखवून देता येत नाही. परंतु जे दाखविता येते तेवढेच कारण होय, असे मानणे शास्त्रास शोभणारे नाही.

आता मोठ्याने वाचण्याचा विचार. कानावर पडणारी कृती आणि डोळ्यांनी वाचली जाणारी कृती ह्या एक नव्हेत. कानाला प्रसंग कळतो, लय कळते, बोलणाऱ्याची लकब कळते. रचना कळत नाही. आठवड्याला एक ह्या हिशेबाने वर्षानुवर्षे प्रकरणे ऐकणाऱ्याला दोन समांतर कथासूत्रे कशी गुंफली आहेत हे कसे उमगावे? लुईसला संपूर्ण कृती टंकलिखित स्वरूपात एकत्र वाचावयास मिळाली ती १९४९ च्या शरद ऋतूत, आणि ऑक्टोबरात त्याने जे पत्र लिहिले त्यात तृप्तीबरोबर काही आक्षेपही होते. दहा वर्षे ऐकलेल्या कृतीला त्याने जणू प्रथमच पाहिले. वाचनाची पद्धतही निकालावर परिणाम करते. टोल्किन स्वतः घाईने व अस्पष्ट वाची, त्यामुळे पुढे ख्रिस्तोफर मंडळात येऊ लागल्यावर वडिलांची प्रकरणे तो वाची आणि श्रोत्यांना ते अधिक आवडे. संहिता तीच, कंठ निराळा.

ह्या बाबतीत जर्मनीतील ‘ग्रुप ४७’चे उदाहरण शेजारी ठेवण्यासारखे आहे. हान्स वेर्नर रिख्टर ह्याने १९४७ मध्ये सुरू केलेल्या ह्या वर्तुळात लेखकाने अप्रकाशित हस्तलिखितातून वाचावयाचे, आणि नंतर टीका चालू असता स्वतः गप्प बसावयाचे, असा दंडक होता. गुंटर ग्रास ह्याने १९५८ मध्ये ‘द टिन ड्रम’ ह्या नावाने इंग्रजीत परिचित असलेल्या कादंबरीची प्रकरणे येथेच वाचली व वर्तुळाचे पारितोषिक मिळविले. पुस्तक निघाले ते पुढच्या वर्षी. उलट, १९५२ मध्ये पाउल सेलान ह्याने आपल्या कविता वाचल्या तेव्हा त्याच्या भारलेल्या उच्चारपद्धतीची काही श्रोत्यांनी टवाळी केली. ज्यू मातापित्यांना छळछावणीत गमावलेल्या कवीचा तो स्वर युद्धावरून परतलेल्या जर्मन तरुणांच्या कानाला जुनाट वाटला. ज्या कवितेची टवाळी झाली ती पुढे युद्धोत्तर जर्मन काव्यात अग्रस्थानी गेली. मंडळाचा कान हा त्या मंडळाच्या इतिहासाने घडविलेला असतो.

‘इंक्लिंग्ज’च्या संदर्भात हा दोष टोल्किनच्याच ध्यानात आला होता. लुईसच्या ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ ह्या कादंबरीची शिफारस करताना त्याने १९३८ मध्ये प्रकाशकास लिहिले की आमच्या येथील मंडळात ती क्रमशः वाचली गेली आणि सर्वांना आवडली. अर्थात आम्ही सारे बरेचसे एकाच वळणाचे आहोत, अशी पुस्तीही त्याने जोडली. हे पुस्तीचे वाक्य लेखक-मंडळांवरील पुष्कळ प्रबंधांपेक्षा अधिक सांगते. मंडळी सर्व ख्रिस्ती, सर्व पुरुष, बहुतेक विद्यापीठातील. डॉरोथी सेयर्स लुईसची व विल्यम्सची स्नेही असूनही गुरुवारी येत नसे. भोवतालच्या नवकाव्याविषयी ह्यांपैकी बहुतेकांच्या मनात अढी होती. अशा वर्तुळात कृतीला जी मान्यता मिळते ती पुष्कळदा कृतीपेक्षा अभिरुचीला मिळालेली असते.

तरीही एकमत होते असे नाही. ह्यूगो डायसन ह्याला एल्फ व हॉबिट ह्यांचा मनस्वी कंटाळा होता. १९४७ च्या वसंतात तर त्याने आपला नकाराधिकार वापरावयास सुरुवात केल्याचे वॉरनच्या रोजनिशीत खेदाने नोंदविलेले आहे: डायसन उपस्थित असला की टोल्किनचे वाचन बंद. येथे मंडळाच्या अनौपचारिकतेचा दोष उघडा पडतो. नियम नसले म्हणजे स्वातंत्र्य असते असा समज आहे. वस्तुतः नियम नसलेल्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा चालतो. ‘ग्रुप ४७’मध्ये लेखकाला गप्प बसविले जाई, पण त्याचे वाचन झाल्यावर. येथे एका श्रोत्याने वाचनच थांबविले, आणि बाकीच्यांनी स्नेहापोटी ते चालू दिले. कथेचा शेवट त्या श्रोतृवृंदाविनाच लिहिला गेला असे दिसते. गुरुवारची वाचने १९४९ च्या ऑक्टोबरात संपली. एका रात्री कोणीच आले नाही, एवढीच नोंद आहे. त्याच वर्षी लुईसने नार्नियाच्या पहिल्या कथेचा प्रारंभ टोल्किनला वाचून दाखविला व तो त्याला मुळीच आवडला नाही. पुढे जावे की नाही, अशा संभ्रमात लुईसने आपला माजी विद्यार्थी रॉजर लान्सेलिन ग्रीन ह्यास विचारले, आणि त्याच्या होकारावर कथा पुरी केली. जो श्रोता एका कृतीस जन्म देतो तोच दुसरीस मारक ठरू शकतो, आणि तोही बुद्ध्या नव्हे.

मराठीत ह्या दृष्टीने पाहावयाचे तर रविकिरण मंडळ अपरिहार्यपणे पुढे येते. १९२३ मध्ये पुण्यात रविवारच्या चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या ह्या मित्रांनी त्याच वर्षी ‘किरण’ हा संग्रह काढला. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर व माडखोलकर ही नावे सर्वपरिचित आहेत. एका बाबतीत हे मंडळ ऑक्सफर्डच्या मंडळाहून उदार होते: त्यात एक कवयित्री बरोबरीच्या नात्याने बसत होती, आणि नाट्यछटाकार व गद्यलेखकही होते. ‘झेंडूची फुले’ ह्या आचार्य अत्रे ह्यांच्या विडंबनसंग्रहापासून ‘परस्परस्तुती’चा आरोप ह्या मंडळावर सतत होत आला. त्या आरोपाची शहानिशा करताना आपण एक भेद विसरतो. रविवारची खाजगी बैठक आणि सभागृहातील काव्यगायन ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यशवंत, गिरीश ह्यांच्या काव्यगायनाने मराठी कवितेला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. परंतु सभागृहात कविता पुरी होऊनच जाते. टाळी मिळाली की ती बदलावीशी वाटत नाही. बैठकीतील चार श्रोत्यांची जागा सभेतील चारशे श्रोत्यांनी घेतली तेव्हा कवितेच्या घडणीत काय फरक पडला, हा प्रश्न परस्परस्तुतीच्या आरोपापेक्षा अधिक मूलगामी आहे. माधव ज्यूलियन ह्यांचे उदाहरण येथे मार्गदर्शक व्हावे. उमर खय्यामकडे ते १९२९, १९३१ व १९४० अशा तीन पुस्तकांच्या रूपाने परत परत आले, ह्यांतील शेवटचे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. ‘छंदोरचना’ १९२७ मध्ये छापून झाल्यावर १९३७ मध्ये त्यांनी ती विस्तारून पुन्हा सिद्ध केली. आरंभापासून पुन्हा लिहिणारा लेखक तो हा. त्यांच्या पाठांची तुलना करताना शब्दांबरोबर श्रोतेही बदलले काय, हे पाहावयास हवे.

अशा शोधात सावधगिरी कशी लागते ह्याचे एक उदाहरण टोल्किनच्या कादंबरीतूनच देतो. तिला मुळात एक उपसंहार होता. सॅम आपल्या मुलांशी बोलतो आहे असा तो प्रसंग. वाचणाऱ्या सर्वांनीच नापसंती दर्शविल्यामुळे आपण तो गाळला असे टोल्किन सांगतो, आणि १९९२ मध्ये तो खर्ड्यांच्या मालिकेत छापला गेला. हा निर्णय ‘इंक्लिंग्ज’च्या नावावर घालण्याचा मोह होतो, परंतु तोपर्यंत त्या मंडळातील कादंबरीचे वाचन बंद पडले होते; नापसंतीचे मानकरी दुसरेच असले पाहिजेत. १९५४ च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात टोल्किनने आपल्या मुलांबरोबर ह्या मित्रमंडळासही ग्रंथ अर्पण केला होता, आणि त्यांनी दाखविलेल्या सोशिकपणावरून त्यांच्या अंगात हॉबिटांचे रक्त असावे असा विनोदही केला होता. १९६५ च्या सुधारित आवृत्तीसाठी त्याने प्रास्ताविक नव्याने लिहिले. त्यात हा उल्लेख नाही. आज बाजारात मिळणाऱ्या प्रती ह्या दुसऱ्या प्रास्ताविकाच्या आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी तीच वाचतात.